एकेचाळीस चष्मे

४ जून

दादा,

वर नमस्काराची ओळ लिहिली होती. मग वाटलं, ज्याने निघताना माझं तोंडही बघितलं नाही त्याला नमस्कार कशाला? म्हणून ते पान फाडलं आणि दुसरं घेतलं. खाडाखोडीचं पत्र मी पाठवत नाही, हे तुला माहीत आहे. आठवीत शाळा सुटली तरी शब्दकोश सुटलेला नाही. तो इथेही उशाशी आहे.

वहिनीने निघताना बजावलं होतं, "फोन करू नकोस, ते घेत नाहीत. लिहायचं ते पत्रात लिही." बंदर लागलं की पत्रं टाकता येतात. तेव्हा लिहितो आहे. उत्तराची वाट बघत नाही.

मी दारात उभा राहून "येतो" म्हणालो. तू पाठमोरा बसून कुणा गिऱ्हाइकाच्या सॅक्सोफोनमध्ये तो बारीक दिवा सोडून उजेड कुठून गळतो ते बघत होतास. वळला नाहीस. पूर्वी तू वाद्य फुंकून तपासायचास. दोन सूर काढलेस की नेमकी कुठल्या बटणाखालची गादी सैल आहे ते सांगायचास. आता ओठही लावत नाहीस. आई म्हणते, मोठ्याला जहाजाचा गर्व चढलाय, तीन हाका मारल्या तरी ओ देत नाही. पण गर्व कशाचा? आठ महिन्यांचा करार आणि चौथ्या महिन्यात घरी!

असो. जहाजावरची माझी जागा सांगतो. खोली पाण्याच्या पातळीखाली आहे, खिडकी नाही. एकावर एक दोन बिछाने, वरचा माझा. लांबी नऊ वीत, छतापर्यंत उंची साडेतीन वीत. उठून बसायचं तर मान वाकडी करावी लागते. खालच्या बिछान्यावर ड्रमवाला आहे. पन्नाशीचा असेल. लोकरीची टोपी घालून वाजवतो, जेवतो आणि झोपतोही, म्हणून त्याला सगळे टोपीच म्हणतात.

पहिल्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात बँडच्या मास्तरांशी भेट झाली. ते पियानोवर असतात. माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचून म्हणाले, "तू त्याचा धाकटा का?"

"हो."

त्यांचा चमचा तिथेच थांबला. टोपीने मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी ताटाकडे, आणि ट्रंपेटवाल्या बाईंना एकाएकी मिठाची आठवण झाली. मीठ त्यांच्या समोरच होतं.

दादा, कुठेतरी पाणी मुरतंय. तू इथे काय करून आलास? गल्लीत लोक विचारत होते तेव्हा मी "तब्येत" म्हणून सांगितलं. काही जण हसले. एकाने तर तोंडावर विचारलं, "काय उचललं रे तुझ्या भावाने?" खरं काय ते तू सांग. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांग.

मला सहा आठवड्यांची परीक्षा आहे. चौदा जुलैला मास्तर हो म्हणाले तर करार पुढे चालू, नाही म्हणाले तर पुढच्या बंदरात उतरवतील. तू म्हणाला होतास, "जायचं तर जा, पण माझ्या खुर्चीत बसू नकोस." त्याच खुर्चीत बसवलं आहे मला. दुसरी रांग, ड्रमच्या अगदी लगत, डाव्या कानाशी टोपीची मोठी झांज. खुर्ची तुझी म्हणून कुणी कोरून ठेवलेली नाही.

आणखी एक. सॅक्सोफोनबरोबर आणलेल्या क्लॅरिनेटच्या पेटीत, अस्तराखाली, एक डबी सापडली. आत कानात घालायचे रबरी बोळे, दोन जोड. तूच ठेवलेत. माझं वाजवणं इतकं ऐकवत नाही, हे तोंडाने सांगितलं असतंस तरी चाललं असतं. डबी टाकून दिलेली नाही. परत करायला ठेवली आहे.

धाकटा

१० जून

दादा,

आज तीन गोष्टी लिहितो. तिन्ही नीट वाच.

पहिली. सकाळी दहाला धोक्याच्या भोंग्याची तालीम झाली. सात आखूड आणि एक लांब. सगळ्यांनी तरंगायचं जाकीट घालून आपापल्या जागी उभं राहायचं. भोंगा झाला तेव्हा मी बुटांच्या नाड्या बांधत होतो, म्हणजे पूर्ण जागा होतो. तरी टोपी धावत माझ्याकडे आला आणि दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. मी म्हणालो, "अहो, ऐकू आलंय मला!" तो एकदम हात मागे घेऊन उभा राहिला. "हो की," म्हणाला. "तुला ऐकू येतंय." आणि माझ्याकडे असा बघत राहिला, की मला शरमल्यासारखं झालं. का ते कळलं नाही.

दुसरी. खोलीत त्याला काही बोलायचं असलं की तो आधी दिवा दोनदा उघडझाप करतो. मग माझ्या समोर येऊन बोलतो. "साबण संपलाय" एवढं सांगायलासुद्धा. परवा मी म्हणालो, "बल्ब उडेल अशाने."

"सवय लागली रे."

"कशाची?"

"खोलीत दोन माणसं राहायची," म्हणाला आणि टॉवेल घेऊन निघून गेला. हे काय उत्तर झालं?

तिसरी गोष्ट महत्त्वाची. इथे प्रत्येक खुर्चीची एक जाडजूड काळी फाइल असते. त्या खुर्चीने वाजवायचं सगळं संगीत तिच्यात. वाजवणारे येतात, जातात, फाइल जहाजावरच राहते. माझ्या फाइलमध्ये त्रेसष्ट गाणी आहेत. मी लिहिलेले सूर हळू वाचतो, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. बाबांच्या बँडमध्ये कागद कुठे होता? जे काही वाचता येतं ते तू जेवणाच्या टेबलावर शिकवलंस तेवढंच, एका छापील पुस्तकातून. म्हणून मी फाइल खोलीवर आणून सगळं पाठ करतो आहे. चाळीस गाणी झाली.

तर या फाइलमध्ये सुरांच्या वर जागोजाग कुणीतरी पेन्सिलीने चष्मा काढून ठेवला आहे. दोन गोल आणि मध्ये कमान. पहिला दिसला तेव्हा वाटलं, कुणाचा तरी चाळा. मग दुसऱ्या पानावर दोन. मग एका गाण्यात पाच.

बँडमध्ये चष्मा फक्त मला आहे.

आणि चष्म्या म्हणून जगात मला एकच माणूस हाक मारतो. इथे मी ते नाव कुणाला सांगितलेलं नाही. मग यांना कसं कळलं? तू कुणाला पत्र लिहिलंस? टोपीला? मी टिकू नये म्हणून एवढा आटापिटा कशासाठी? मी इथे राहिलो तर तुझी काही भानगड मला कळेल, अशी भीती आहे का?

धाकटा

१७ जून

दादा,

पुरावा गोळा केला आहे.

एका वहीत तीन रकाने आखले. गाण्याचा क्रमांक, पान, आणि कितव्या मात्रेवर चष्मा आहे ते. एकूण एकेचाळीस. दोनदा मोजले. पुढे मास्तरांकडे तक्रार करायची वेळ आली तर हवेत बोलायला नको. काही चष्मे पुसट आहेत, जुने वाटतात. पण तीसएक गडद आहेत. कागदावर वळ उठेपर्यंत दाबून काढलेले. ज्याने काढले त्याचा जीव त्यात होता.

वाजवताना काय होतं ते ऐक. चष्मा आला की माझं डोकं फिरतं. मी पटकन मान वर करतो, कोण हसतंय ते पकडायला. आणि दर वेळी, दादा, दर वेळी टोपी माझ्याकडेच बघत असतो. हातातली काठी डोक्याच्या वर धरून, डोळे थेट माझ्यावर. मग ती काठी खाली येते आणि आम्ही सगळे वाजवतो. एकदा, दोनदा असतं तर योगायोग म्हटला असता. एकेचाळीस वेळा कुणी कुणाकडे योगायोगाने बघतं का?

मी त्याला आडून विचारलं, "या फायलींमध्ये कोण काय काय लिहून ठेवतं हो?"

"जो बसतो तो लिहितो. मागून येणाऱ्याची सोय."

"सोय?"

"मग काय! पुढे खड्डा आहे, हे आधी पडलेल्यानेच सांगायचं." आणि हसला. दात चांगले आहेत त्याचे.

टिंगल करण्यात कसली आली आहे सोय?

मास्तर माझ्यावर खूश दिसतात, हेही लिहून ठेवतो, कारण तुला ते ऐकायला आवडणार नाही. रविवारी म्हणाले, "थांब्यांवर तू बरोबर येतोस. पहिल्या महिन्यात कुणाला जमत नाही ते." थांबा म्हणजे संगीत मध्येच तुटतं आणि पुन्हा कधी सुरू होणार ते मोजून कळत नाही, तशी जागा. मी म्हणालो, "पाठ केलंय सगळं." खरंच केलं आहे. त्रेसष्टच्या त्रेसष्ट.

म्हणून काल दुपारी इस्त्रीच्या खोलीत बसून सगळे चष्मे खोडरबराने पुसले. दोन तास लागले. गडद होते त्यांचे वळ राहिले आहेत, पण नीट बघितल्याशिवाय दिसत नाहीत. आता कागद स्वच्छ आहे आणि माझं डोकंही शांत राहील.

वहिनीचा निरोप आला. "ते बरे आहेत. तुझी पत्रं दोन-दोनदा वाचतात." दोन-दोनदा वाचतोस आणि एक ओळ लिहीत नाहीस?

धाकटा

२५ जून

दादा,

हे पत्र मी फाडून पुन्हा लिहिणार नाही. वेळ नाही.

काल संध्याकाळच्या मोठ्या खेळात एक कसरतवाली छतापासून लोंबणाऱ्या कापडाला धरून वर चढते. तिचा जोडीदार समोरच्या झोक्यावर उलटा लोंबकळतो. ती वर पोचली की बँड तुटतो. सगळं नाट्यगृह गप्प. ती श्वास घेते, तयार झाली की मान हलवते, ते टोपी बघतो, काठी खाली आणतो, बँड वाजतो आणि त्याच सुरावर ती कापड सोडते. मधला आठवडा हा खेळ नव्हता. त्याआधी पाच वेळा मी हे बरोबर वाजवलं.

काल बँड तुटला. माझे डोळे कागदावर होते. मनात मोजलं, चार, आणि वाजवलं.

एकट्याने.

दादा, त्या शांततेत माझा एकट्याचा सॅक्सोफोन. आणि त्या सुरासरशी तिने कापड सोडलं. तिच्या जोडीदाराचा झोका अजून अर्ध्यावर होता. त्याच्या हाताला तिचं एकच मनगट लागलं. तेवढ्यावर त्याने तिला धरलं. खाली जाळी नसते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, असंच असतं.

तिला लागलेलं नाही. मनगटावर त्याच्या पाच बोटांचे वळ आहेत. आज सकाळी जेवणघरात ती माझ्या समोरून गेली. बाही खाली ओढून घेतली फक्त.

मास्तर काल एवढंच म्हणाले, "उद्या दुपारी तीनला फाइल घेऊन ये." परवा बंदर आहे. परवाच उतरवतील बहुतेक. चौदा जुलैची वाट कशाला बघतील?

पाच वेळा बरोबर आणि सहाव्या वेळी चूक, हे कसं? मी विचार करून करून थकलो. टोपीने काही वेगळं केलं का? मुद्दाम थांबला का? त्यांनी तुलाही असंच घालवलं का? तसं असेल तर सांग. मी उगाच तुझ्यावर संशय घेतला असेन. दारात मी "येतो" शिवाय आणखी काही बोललो असेन तर ते रागाच्या भरात. तू ऐकलंच असशील. म्हणूनच वळला नसशील.

तीन वाजायला वीस मिनिटं आहेत.

धाकटा

२६ जून

दादा,

काल तीनला गेलो. नाट्यगृह रिकामं होतं. मास्तर पियानोपाशी आणि टोपी त्याच्या ड्रमवर. मी वहीही बरोबर नेली होती, पुराव्याची.

मास्तरांनी फाइल उघडली. कसरतीचं गाणं काढलं, कागद दिव्याखाली तिरपा धरला. मग पुढचं पान. मग मागचं.

"चष्मे कुठे गेले?"

मी म्हणालो, "पुसले."

"का?"

मग मी सगळं बोललो. टिंगल, टोपीचं टक लावून बघणं, तू पाठवलेलं पत्र. वही उघडून दाखवली. मास्तर रकाने वाचत गेले. टोपीने डोक्यावरची टोपी काढली. पहिल्यांदा बघितलं मी, त्याला टक्कल आहे. टोपीत तोंड खुपसून तो हसत होता. मग तोंड वर केलं तेव्हा हसत नव्हता.

"अरे शहाण्या," तो म्हणाला, "चष्मा म्हणजे वर बघ. कागदावरून डोळे काढ आणि माझ्या काठीकडे बघ. जगातला कुठलाही कागद बघून वाजवणारा ही खूण काढतो. तुला कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? बाबांच्या बँडमध्ये कागद नव्हता आणि आपल्या छापील पुस्तकात पेन्सिल नव्हती.

मला तेव्हा कळलं, की मी पाच वेळा बरोबर का वाजवलं. चष्मा दिसला की मला राग यायचा. रागाने मी मान वर करायचो, आणि वर टोपीची काठी असायची. त्याचा कट नव्हता. तो मला हात धरून रस्ता ओलांडून देत होता आणि मी त्याच्या खिशात सुरी शोधत होतो.

मी म्हणालो, "पण एकेचाळीस?"

पहिल्या दिवशी जेवणघरात झालं होतं तसंच झालं. टोपीने मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "सांग. मुलगी पडता पडता वाचली. आता शपथ पाळण्यात अर्थ नाही."

"फायलीत मुळात अकरा होते," टोपी म्हणाला. "बाकीचे तुझ्या भावाचे. थांब्यांवर सगळेच वर बघतात. त्याला साध्या जागीसुद्धा वर बघावं लागायचं. डावा कान तो इथे आला तेव्हाच अर्धा गेला होता, या झांजेने उरलेला घालवला. मग उजवाही उतरायला लागला. तो सूर बोटांनी वाजवायचा आणि ताल डोळ्यांनी. मी काठी वर उचलायचो, त्याला दिसेल अशी. चार महिने आम्ही तसंच काढलं. कुणाला, अगदी कुणालाही कळलं नाही."

"मग कसं कळलं?"

"भोंगा," मास्तर म्हणाले. "सात आखूड, एक लांब. तालीम होती म्हणून निभावलं. सगळे वर जाकीट घालून उभे, आणि तो खाली खोलीत आरशासमोर दाढी करत होता. डॉक्टरांनी कान तपासले. भोंगा ऐकू न येणाऱ्या माणसाला जहाज ठेवत नाही."

"मी त्या वेळी खोलीत नव्हतो रे," टोपी म्हणाला. हे त्याने मला सांगितलं असं वाटलं नाही. त्याने ते तुला सांगितलं.

दिवा दोनदा उघडझाप. समोर येऊन बोलणं. खांदे धरून हलवणं. तुझ्या सवयी माझ्यावर चालवत होता तो, आणि मी त्यांचा हिशेब तुझ्याकडे मागत होतो.

तू त्यांच्याकडून शपथ घेतलीस म्हणे. घरी कळू द्यायचं नाही. बहिऱ्याकडे कोण वाद्य दुरुस्तीला देईल, म्हणालास. टोपी म्हणाला, "त्याला मी म्हटलं, अरे, घरच्यांना तरी सांग. तर म्हणतो, घर म्हणजे बँडवाल्यांचं, भिंतीपल्याड बोललेलं चार गल्ल्यांत ऐकू जातं."

मला उतरवणार का, ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. मास्तरांनीच वही माझ्याकडे सरकवली. "क्रमांक, पान, मात्रा. सगळं आहे ना यात? मग बस इथेच. एकेचाळीसच्या एकेचाळीस परत काढ. चुकला तर मी सांगतो. आणि आधी त्या मुलीला भेटून ये."

भेटलो तिला. मी काय म्हणालो ते लिहीत नाही, नीट बोलता आलं नाही. ती म्हणाली, "पुढच्या वेळी माझ्याकडे बघ. मी मान हलवते ना, तेव्हा. बघितलंस की पुरे."

मग संध्याकाळपर्यंत बसून चष्मे काढले. वळ होतेच कागदावर. तू दाबून काढले होतेस म्हणून. पेन्सिल त्या वळांतून आपोआप फिरत गेली.

चष्म्या

१४ जुलै

दादा,

आज परीक्षेचा दिवस होता. मास्तरांनी तेराव्या क्रमांकाचं गाणं वाजवायला सांगितलं, मग अठ्ठेचाळीस, मग कसरतीचं. कसरतवालीलाही बोलावलं होतं. ती कापडावर चढली, बँड तुटला, आणि मी वर बघितलं. आधी तिच्याकडे, मग काठीकडे. दादा, ती शांतता फार मोठी असते. तू त्यातच राहायचास का?

मास्तर म्हणाले, "राहा." एवढंच. टोपीने झांजेवर एक टिचकी मारली. माझी खुर्ची आता झांजेपासून तीन हात उजवीकडे आहे. मास्तरांनी स्वतः सरकवली. "हे तेव्हाच करायला हवं होतं," म्हणाले. डबीतले बोळे मी रोज घालतो. एक जोड मला, दुसरी ट्रंपेटवाल्या बाईंना दिली. त्यांनाही मिठाची आठवण आता होत नाही.

तू "माझ्या खुर्चीत बसू नकोस" का म्हणालास ते कळलं. अजून चार शब्द जास्त बोलला असतास तर काय बिघडलं असतं? पण हे विचारायचा हक्क मला नाही. कारण पुढे लिहितो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, की दारात मी "येतो" म्हणालो आणि तू वळला नाहीस. ते खोटं आहे. मी "येतो" म्हणालोच नव्हतो.

मी म्हणालो होतो, "बाबा लवकर गेले ते बरं झालं. चोर मुलगा बघायची वेळ आली नाही त्यांच्यावर."

हे असंच्या असं म्हणालो होतो. तीन आठवडे मी धरून चाललो होतो, की तू ते ऐकलंस आणि मनात ठेवलंस, म्हणून पत्राला उत्तर देत नाहीस. आता कळतंय, तू ऐकलंच नाहीस. तू दिवा आत सोडून उजेड कुठून गळतो ते बघत होतास, आणि मी मागे होतो.

टोपीला सांगितलं तर तो म्हणाला, "मग सोड ना. जे पोचलंच नाही ते कशाला पोचवतोस?"

मी दोन दिवस विचार केला. सोडलं असतं तर तुला कधीच कळलं नसतं. आणि तू मला पुन्हा चष्म्या म्हटलं असतंस, आणि दर वेळी मी मान वर करून बघितलं असतं, की तुझ्या तोंडावर काही आहे का. ते मला नको. म्हणून लिहिलं. माझ्या तोंडचं आहे, तुझ्यापर्यंत माझ्याच हाताने पोचू दे. राग आला तर तोही लिही. खाडाखोड असली तरी चालेल.

तुझी गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. गल्लीला नाही, आईलाही नाही. ते तुझं आहे. पण आई आल्यागेल्याला सांगत सुटली आहे, की मोठा हाकेला ओ देत नाही. रोज देवासमोर तुझ्या गर्वाचं गाऱ्हाणं घालते. दादा, आई काही गिऱ्हाईक नाही. ती तुझ्याकडे वाद्य दुरुस्तीला देणार नाही.

मी आलो की दारात उभा राहून हाक मारणार नाही. आत येईन, दिवा दोनदा उघडझाप करीन, तुझ्यासमोर बसेन, मग बोलेन.

तू ही पत्रं जेवणाच्या टेबलावर बसून वाचतोस, असं वहिनी म्हणते. आई तेव्हा समोरच बसलेली असते. म्हणून या खालच्या ओळीवर मी पेन्सिलीने एक खूण काढली आहे. बेचाळिसावी. दाबून काढली आहे, पुसली तरी वळ राहील.

कागद खाली ठेव, दादा, आणि वर बघ.

चष्म्या